सात चाळीस

अंबडच्या शेडमध्ये
तिसरी पाळी सुटायला वीस मिनिटं असताना
स्ट्रिंगर थांबतो.

रात्रभर शहाण्यासारखा चाललेला असतो.
रबरी वाट्या श्वास आत ओढून सेल उचलतात,
अलगद ठेवतात,
तांब्याची पट्टी एकाला वरून, पुढच्याला खालून,
तापलेले दिवे, फ्लक्सचा घशाला धरणारा वास,
आणि बारा सेलांची एक माळ पुढे सरकते.
ताशी किती, ते पडद्यावर असतं.
मी फक्त बघत बसायचं. त्याचाच मला पगार.

सात चाळीसला कॅमेरा म्हणतो, तुटका.
पुढचा, तुटका.
त्याच्या पुढचा.
तांबडा दिवा, भोंगा,
नाकारलेल्या पेटीत धडधाकट सेलांची चळत.
एक उचलून तिरपा करून बघतो:
पोह्याच्या पापडाहून पातळ, निळा,
कुठे चीर नाही, कोपरा शाबूत.

चार दिवस हेच.
पुण्याहून आलेले पाळेकर साहेब
लॅपटॉप मांडीवर घेऊन काहीबाही बदलून गेले.
लेन्स पुसली. पट्टा बदलला.
सानप म्हणाला, नारळ फोडू;
तो खर्च कुठल्या खात्यात दाखवायचा
यावर ते अडलं.

पाचव्या सकाळी दुरुस्तीच्या टेबलावरून
कालिंदीबाई गांगुर्डे उठून आल्या.
मशीनने बिघडवलेलं हाताने नीट करणं
हे त्यांचं हल्लीचं काम.
भोंग्याकडे लक्ष न देता त्यांनी वर पाहिलं,
पूर्वेच्या भिंतीकडे,
जिथे दोन पत्र्यांमध्ये बोटभर फट आहे.

"मशीन यायच्या आधी माझं टेबल इथंच होतं," म्हणाल्या.
"संक्रांतीनंतर आठ-दहा दिवस
या टायमाला ऊन इथं यायचं. डाव्या हातावर.
तेवढ्या वेळात मी अवघड सांधे उरकून घ्यायची.
ट्यूबलाइटमध्ये दिसत नाहीत ते."

खरंच होती.
कॅमेऱ्याखाली, सेलवर आडवी,
सुतळीएवढी उन्हाची रेघ.
यंत्र तिला चीर समजत होतं.

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

सेलचंच रिकामं खोकं फाडलं, पुठ्ठा घेतला,
त्यावर छापलेलं: ऊन-पाण्यापासून जपा.
शिडी लावली. बाईंनी खाली एका हाताने धरली.
पुठ्ठा फटीशी नेला तेव्हा म्हणाल्या,
"थांब जरा."

आणि दुसरा हात, डावा,
थांबलेल्या पट्ट्यावर ठेवला.
चटक्यांचे जुने पांढरे डाग
रेघेत एकेक करून दिसत गेले, मनगटापर्यंत.
भोंगा वाजतच होता.
पहिल्या पाळीची माणसं कार्ड दाखवून आत येत होती.

किती वेळ, ते पडद्यावर असेल.
"लाव आता," म्हणाल्या.