सुकऱ्याचा शर्ट

बाही माझ्या कोपराशीच संपते.
गुलाबी सॅटिन, पाठीवर सोनेरी अक्षरं:
दर्याराज बँजो पार्टी, दिवाळे.
कॉलरच्या आत बॉलपेनने लिहिलंय, सुकऱ्या.
तो आता कुठल्याशा जहाजावर ऑइलर आहे
आणि त्याच्या जागी मी,
ऐरोलीच्या ऑफिसातला, तीन महिन्यांचा शिकाऊ,
गिटार घेऊन.

"गिटार आयकाला येनार नाय,"
हिराजी तांडेल पहिल्याच दिवशी म्हणाले होते,
"पन हात दिसतान. हात हालते ठेव."

मे महिन्याची एकवीस तारीख, साडेपाच वाजलेत.
मासेमारीच्या बंदीला दहा-अकरा दिवस उरलेत,
जेटीकडच्या मैदानातली जाळी गुंडाळून
एका कडेला सारलीय, त्यावर पोरं बसलीत.
स्टेजच्या पायपाला हात लागला की चटका.
ट्रम्पेटवाला अजून उलव्याच्या पुलावर अडकलाय.
रामदास बोटांना पांढरी पट्टी गुंडाळतोय,
एकेक पेर, सावकाश,
नवरीला मेंदी लावावी तसा.

उन्हाने तार उतरते.
हिराजी खुंटी पिळतात, कान लाकडाला टेकवून,
बोटीच्या इंजिनाचा ठोका ऐकतात तसे.
त्यांच्या बँजोला बटणं जुन्या टाइपरायटरची,
पनवेलच्या कोर्टाबाहेर बसणाऱ्या कुणाकडून घेतलेली.
मध्यमावर स्वल्पविराम आहे.
तो अजून वाचता येतो.

मग अंधार पडला, माणसं आली,
खुर्च्या संपल्या तेव्हा टेम्पोच्या टपावर चढली,
आणि आम्ही सुरू झालो.
सुरू झालो म्हणजे काय,
दीपेशने ऑक्टोपॅडवर काठी टाकली
आणि माझ्या बरगड्यांना कळलं.
घाम डोळ्यांत, डास मानेवर,
सॅटिन पाठीला पापडासारखं चिकटलेलं.
मी हात हलते ठेवले.
पहिल्या रांगेतली एक बाई
माझ्याकडेच बघून हसत होती,
तिला बहुतेक सगळं माहीत होतं.

पाचव्या गाण्यात लाईट गेली.

कीबोर्ड मेला, ऑक्टोपॅड मेला,
भोंग्यांचा आवाज कुणीतरी गिळल्यासारखा.
खाडीपलीकडे उलव्याचे दिवे मात्र तसेच.
पोरांनी शिट्ट्या मारल्या, कुणी जनरेटरवाल्याच्या आईची आठवण काढली.
रामदासने ढोलकी थोडा वेळ ओढली
आणि पाणी प्यायला उठला.

हिराजी थांबले नव्हते.
विजेशिवाय बँजो म्हणजे
पत्र्याच्या डब्यात सुई हलते एवढाच आवाज.
दोन हातांपलीकडे जात नाही.
ते वाजवत होते ते आमच्या वहीत नव्हतं,
तालमीतही कधी नव्हतं.
लांब, नाचता न येणारं,
एका सुरावर इतकं रेंगाळणारं
की मला वाटलं बटण अडकलं.
अडकलं नव्हतं.
खाली हजारभर माणसं मोबाईलच्या उजेडात
एकमेकांना हाका मारत होती,
आणि हे माझ्या एकट्याच्या डाव्या कानाशी.
मी हात थांबवले.

किती वेळ, सांगता येणार नाही.
मग ॲम्प्लिफायर किंचाळला, दिवे आले,
आणि हिराजींनी त्याच सुरावरून
सरळ नाचाच्या गाण्यात उडी घेतली,
इतकी सफाईने की सांधा दिसला नाही.
टेम्पोचा टप वाजायला लागला.
मीही हात हलवले.

दहाला पोलिसांची गाडी, दहा-दहाला वायरी गुंडाळल्या.
भाकरी, सुकटीची चटणी, सातशे रुपये.
मी विचारलं, "मघाशी अंधारात काय वाजवत होतात?"
"कवा?" त्यांनी बोटं चाटली.
"तार बगत व्हतो रं."
आणि वळता वळता,
"शर्ट धून आन. साबनात भिजवू नको, अक्षरां जातान."

आज रविवार. ऐरोलीच्या गॅलरीत तो उलटा वाळतोय.
सोनेरी अक्षरं शाबूत आहेत.
कॉलरमधलं नाव मात्र माझ्या घामाने फुटलंय,
सुकऱ्यातला सु तेवढा उरलाय.
बॉलपेन काढलं.
मग म्हटलं, राहू दे,
तो परत येईल तेव्हा लिहील त्याचं तो.