नमुना पंचनामा

सहा वर्षं मी तोच पंचनामा शिकवतोय.
तृतीय वर्ष, खोली क्रमांक नऊ,
खिडकीतून भाट्याच्या पुलाचा एवढासा तुकडा,
बाकांवर झेरॉक्सच्या प्रती, माझ्याच हस्ताक्षरातल्या.
नावांवर काळं मार्कर मीच फिरवलेलं.

बघा, म्हणतो मी, वाक्य कसं असावं.
'सदर इसम उताणा, डोके पूर्वेस, पाय खाडीकडे.'
विशेषण नाही. हळहळ नाही.
चपला कुठे होत्या ते आहे, किती पावलांवर तेही.
पोरं लिहून घेतात. दरवर्षी एक जण विचारतो,
सर, परीक्षेला येणार का हे?

वर्दी उतरवली तेव्हा बायको म्हणाली,
आता तरी माणसासारखं बोलाल.
पण प्रबंधातही 'नमूद' आणि 'कामी' सुटले नाहीत.
विषय: पंचसाक्षीदारांची विश्वासार्हता. तीनशे बारा पानं.
मार्गदर्शक बाई दमून म्हणाल्या, हा प्रबंध आहे की दोषारोपपत्र?
गेटवरचा घवाळी अजून सलाम ठोकतो.
मुलं सर म्हणतात, तो साहेब म्हणतो,
मी दोन्हींना ओ देतो.

आज तहसीन वस्ता उभी राहिली.
राजिवड्याची. शेवटच्या बाकावरची.
वर्षभरात तिचा आवाज ऐकल्याचं मला आठवत नाही.

'सर, इथे लिहिलंय, प्रेत उधाणाच्या भरतीने वाहत येऊन
मोठ्या खडकावर अडकले.'
हो.
'आणि वर लिहिलंय, उजेड अर्ध्या चंद्राचा, शिवाय दोन बॅटऱ्या.'
हो. उजेड लिहायचाच असतो. गुण असतात त्याला.
'पण अर्धा चंद्र म्हणजे अष्टमी, सर.
अष्टमीला भांग असतो. उधाण नसतं.
भांगाचं पाणी त्या खडकाला शिवतसुद्धा नाही.
आम्ही त्यावर जाळी सुकत घालतो.'

वर्ग हसला नाही. पंखा तेवढा फिरत होता.

मी घाटावरचा. पाणी म्हणजे विहीर, नाहीतर पाट.
बदलीवर येऊन तेव्हा तीन महिने झालेले.
त्या खडकावर मी स्वतः उभा होतो,
बूट कोरडे होते माझे,
हे आज आठवतंय.
'उधाण' हा शब्द हवालदार साळसकरांचा.
ते सांगत होते, मी लिहीत होतो,
ठाण्यात परतल्यावर, पहाटे, भजी मागवून.
शब्द ऐटदार वाटला. अकस्मात मृत्यू. फाईल बंद.
पंच नंतर आले, सहीपुरते.
त्यातला एक तर भज्यांची पुडी घेऊनच आलेला.
प्रबंधात हे प्रकरण नाही.

आणि साळसकर इथलेच.
त्यांना तिथी कळत नव्हती असं नाही.

तास संपल्यावर प्रत खिडकीच्या काचेला लावली.
मागून उजेड आला की मार्करखालची अक्षरं दिसतात,
उलटी.
एकेक जुळवत गेलो.
एकवीस वर्षांत हे नाव मी एकदाही उच्चारलं नव्हतं.

दारात ती थांबलेली.
'सर, पुन्हा तपास होतो का?'
मी कलम सांगितलं. पोटकलमासकट.
'ते नाही विचारलं,' ती म्हणाली.

संध्याकाळी ठाण्यात गेलो.
फरशी नवी, रंग नवा,
टेबलाच्या अलीकडचं बाकडं मात्र तेच.
त्याचा एक पाय आखूड आहे
हे इतकी वर्षं पलीकडे बसून कळलंच नव्हतं.
ठाणे अंमलदार पोरगेला. ओळखलं नाही त्याने.
कागद ओढला.
नाव? सांगितलं.
वय? सांगितलं.
धंदा?

त्याने मान वर केली. पेन थांबलेलं.
बाहेर खाडीचा वास येत होता,
भरती होती की ओहोटी,
मला अजूनही बघितल्याशिवाय सांगता येत नाही.