नाकतोडे मोजण्याचा खर्च

सेतू कार्यालयातल्या पंख्याखाली
मी तिसऱ्यांदा सांगते : संशोधन.
बी.एड. नाही, स्पर्धा परीक्षा नाही,
नान्नजच्या माळावर नाकतोडे किती उरलेत
ते मोजायचंय.
कारकून मान वर न करता विचारतो,
"कोणत्या योजनेत बसतं हे?"

बसत नाही, हेच तर दुखणं.
एक फेलोशिप पीएचडीवाल्यांची,
एक शिष्यवृत्ती रोज वर्गात हजेरी लावणाऱ्यांची,
आणि एक अगदी माझ्यासारखीचीच,
तिची मुदत उत्पन्नाचा दाखला हातात पडेपर्यंत संपली.
माझी मास्टर्स या सगळ्यांच्या मधल्या फटीत.
दोन वर्षं. विद्यावेतन नाही.

हत्तुरे मॅडम म्हणाल्या, आधी अंदाजपत्रक कर.
रात्री बसले.
स्कूटीचं पेट्रोल, जाऊन-येऊन चाळीस-बेचाळीस किलोमीटर, आठवड्यातून तीनदा.
जाळं एक. इथेनॉल. झाकणाच्या बाटल्या दोनशे.
टोपी लिहिली, खोडली, परत लिहिली.
मे महिन्यात त्या माळावर
सावली म्हणजे फक्त आपली आपण.
शेवटचा रकाना : आकस्मिक खर्च.
तिथे आकडा सुचेना.
आमच्या घरात आकस्मिक काही नसतंच,
पाणीसुद्धा चौथ्या दिवशी ठरल्या वेळी येतं
आणि ठरल्या वेळेआधी जातं.

आई मांडीवर सूप घेऊन पानं कापत होती.
"एंदुकु?" एवढंच म्हणाली.
कशासाठी, याला तिच्या तेलुगूत एक शब्द,
माझ्या अर्जात पाचशे.

पहिला नकार आला. दुसरा आला.
तिसऱ्यांनी उत्तरच दिलं नाही.
आई म्हणाली, "छाट काढली म्हण की."
हजारामागे शे-दीडशे बिड्या छाट निघतात तिच्या,
पैसे कापतात,
बिड्या मात्र परत देत नाहीत.
तीस वर्षं तिला एकच कोडं पडलंय :
वाईट होत्या, तर ठेवून का घेतल्या?
मला माझे प्रस्ताव आठवले,
कुणाकुणाच्या संगणकात पडलेले.

मग ज्ञातिसंस्थेचा शिक्षण निधी.
मधल्या खुर्चीत राजेशम चिलवेरी, टॉवेलचे कारखानदार,
पन्नास वर्षं मागांच्या खडखडाटात गेलेली, कानात यंत्र.
"टोळ मारायचं औषध काढणार?"
नाही.
"मग?"
मोजणार. दोनदा मोठ्यानं सांगावं लागलं.
"मोजून?"
गवत गेलं की आधी हे जातात, म्हटलं,
मग यांच्यावर जगणारे पक्षी, मग...
मग आपण, असं म्हणता आलं असतं,
टाळ्या घेणारं वाक्य होतं,
पण ते अजून मोजलेलं नाही.
मी गप्प बसले.

कुणीतरी हळूच म्हणालं, लग्नाला मदत मागितली असती तर.
चिलवेरींना ते ऐकू आलं की नाही, कळलं नाही.
ते चष्मा पुसत बोलले,
"जुन्या मागावर धागा तुटला तरी माग थांबायचा नाही.
कापड तसंच पुढे जायचं, रेघ पडलेलं.
म्हणून एक माणूस नुसता बघत उभा असायचा.
त्याला पगार होता.
आम्हीच देत होतो."

पत्र आठ दिवसांनी आलं.
एका वर्षापुरतं पेट्रोल मंजूर. बाटल्या मंजूर.
टोपी नामंजूर.
दुसऱ्या वर्षाचं नाव कुणी काढलं नाही,
मीही नाही.
आईनं पत्र उलटंसुलटं करून पाहिलं,
"हे परत मागतात का?" विचारलं,
आणि सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

आज सहा वाजता माळावर पोचले,
डोक्याला सेकंड मालातला टॉवेल बांधून.
सुतळीनं एक मीटर चौकट आखली,
गुडघ्यावर बसले,
श्वास धरून बराच वेळ पाहिलं.
वहीतली पहिली नोंद :
चौकट एक, नाकतोडे शून्य.
शून्यालाही पेट्रोल तेवढंच लागतं.
सुतळी उचलली,
दहा पावलं पुढे गेले.