मोजणीच्या पहाटे गार्डबाईंना

फटफटी हितंच लावा, हिवराखाली.
किल्ल्यांचा जुडगा रुमालात बांधा.
डब्यात शेंगाचटणी हाय?
मग डबाबी हितंच ऱ्हाऊ द्या.
लसणाचा वास वाऱ्यावर बसला
की आपल्या आदी कळपात पोचतो.

वाऱ्याला मोबाइल नको.
कुसळ मोडा, चिमटीत चुरा, सोडा.
मार्डीकडनं येतोय न्हवं?
म्हंजे आपून वळसा घालून
वडाळ्याच्या अंगानं शिरायचं.
अर्धा कोस जास्त पडंल. पडू द्या.
सूर्य पाठीशी ऱ्हातोय, त्यांच्या डोळ्यात जातोय.
घाई केली की माळ
नुसत्या पांढऱ्या ढुंगणांची रांग दावतो.

हा बगा ठसा.
बदामाच्या दोन फाका, टोकं पुढं.
कड अजून उभी हाय, माती ढासळली न्हाई,
भवताली दव, ह्यो तेवडा कोरडा.
तांबडं फुटताना गेलाय.
टोकं फाकली असती तर पळाला म्हणायचं.
ही मिटल्यात. चरत गेलाय निवांत.
आन ह्यो लेंड्यांचा ढीग नराचा,
रोज येऊन ह्याच जागी टाकतो,
तुमच्या हापिसात सायेब हजेरी लावतो तसं.

मला? बानं शिकवलं. रायमल नाव त्याचं.
आमची एक भुरी गाय होती, चिमणी.
तिच्या आडून चालायचो आमी.
तिचे चार पाय, बाचे दोन, माझे दोन,
आठी पाय एका चालीत.
ती थांबली की थांबायचं,
तिनं घास तोडला की श्वास सोडायचा.
काळवीट मान वर करून बगायचं,
गायच तर हाय, म्हणायचं, परत चरायचं.
मग फाशे. तातीचे. शिंगाच्या खुट्ट्या.

न्हाई, लिवून घिऊ नका बाई.
चाळीस वर्सं झाली त्याला.

मार्डीत कुणाच्या तरी हिरीवरची मोटर गेली.
सकाळी गाडी आमच्या पालावर.
रातभर कुटं होतास?
बा रातभर ह्याच माळावर होता,
ह्याच सरकारी गायरानात, माझ्या शेजारी,
फाशे लावून, पालथा.
काय सांगंल?
मोटर न्हाई म्हणावं तर काळवीट सांगावं लागतंय.
मोटरीला म्हैने, काळविटाला सालं.
बानं दोन्ही चिमटीत धरून बगितलं
आन मोटर कबूल केली.
पुढं त्यांनी इचारलं, टाकली कुटं?
त्ये काय त्याला सांगता येईना.
त्याचा येगळा मार खाल्ला.

दाही बोटांचे ठसे घेतले बाचे.
मला मिसरूड फुटल्यावर माझेबी.
कशापाय, ते त्यांनी सांगितलं न्हाई,
आमीबी इचारलं न्हाई.
असतील अजून चौकीत कुटं तरी,
कड ढासळत न्हाई त्या ठशांची.

बसा आता. गुडघे टेका.
ती पांढरी टोपी काढा.
टिटवी वरडली तर दगड व्हायचं.
आपून हललो तर ती गाव गोळा करती,
न्हाई हललो तर तिलाच कटाळा येतो.
कुसळं मांडीत घुसतील. घुसू द्या,
ती काढायला दुपार पडलीय सारी.

बगा. आलं ध्यानात?
काळा एकच, बाकी माद्या, दोन पाडसं.
तुमी किती मोजले?
मी तेवीस.
त्या तरवडाच्या आड आजून एक असंल,
कान हलल्यागत वाटतोय.
थांबा, लिवू नका.
बा म्हणायचा, वाटण्यावर आकडा सांगायचा न्हाई,
डोळ्यानं दिसलं तर हाय म्हणायचं.

थांबा.

आजून थांबा.

आली भायेर. पोटुशी हाय.
चोवीस. आता लिवा.

खाली माहीतगाराचं नाव असतं न्हवं?
नको, ते शाईचं डबडं ठिवा पिशवीत.
पेन द्या.
मला सही येती.