पंख, बोलण्यापुरते

गवत अजून ओलं आहे,
म्हणून सावेता उतारावर बसून
लांब दांड्याच्या विळ्याला धार लावते आहे.
खाली मारामुरेशचं खोरं धुक्यात बुडालेलं,
चर्चचा लाकडी कळस तेवढा वर.

पात्यावर येऊन बसतो एक हिरवा टोळ,
बोटाच्या पेराएवढा,
मिशा अंगाहून लांब,
आणि पाठीवर पंख म्हणावेत
तर दोन खवले, शर्टाच्या बटणाएवढे.

"हा कुठला उडतोय," सावेता म्हणते.

पलीकडच्या डोंगरावर याचे चुलत आहेत,
बोली जराशी निराळी.
मधली दरी दोघांनाही मानवत नाही,
तिथे ऊन फार.
येणंजाणं नाही. कधीपासून, कोण सांगणार.

क्लुजहून आलेली इलिंका सांगते:
उडायचे पंख झिजत झिजत
बोलण्यापुरते उरले.
नर ते एकमेकांवर घासतो,
मादी गवतातून एकदाच उत्तर देते,
टिच्,
पापणी लवायच्या आत.
उशीर झाला की तो समजतो
इथे कोणी नाही,
आणि दुसऱ्या काडीवर जातो.

सावेता मान हलवते.
लहानपणी ऐकू यायचं हे, आता नाही.
वय झालं की आधी हेच बारीक आवाज जातात.
तिला वाटलं होतं किडेच गप्प झाले,
तोआदेर गेला त्या उन्हाळ्यात.

इलिंका पेटीचं बटण फिरवते.
खर्र…
टिच्.
खर्र…
टिच्.

"अगं बाई! ही हूं म्हणतेय!"
सावेता हसते, विळा मांडीवरून घसरतो.
गोष्ट सांगणाऱ्याला लागतो तसा
एवढासा हूं.

तिच्या गावरिलला पंख फुटले ते तोरिनोपर्यंत.
रविवारी फोन येतो.
डोंगरावर आवाज अडखळत पोचतो,
तिचा हूं तिकडे जाईस्तोवर
तो विचारून मोकळा होतो:
"आई, आहेस ना?"

पेटीचे सेल संपत आले
तरी ती बंद करू देत नाही.
मग ऊन चढतं, गवत वाळतं,
आणि ती उठून कापायला लागते,
सपासप, ओळीनं, मागे न बघता.

मधे खाटेएवढा तुकडा तसाच सोडते.
"तिथे दगड आहेत," मला म्हणते.

दुपारी दाताळं घेऊन मी तिथून फिरलो.
दगड नव्हते.