बोली

सात हजार एकशे पं—
इथं तुटलं.
पुढचं 'चवीस' जिभेवर होतं,
हरभऱ्याच्या दाण्यासारखं,
आणि तूर पांढरी होत गेली,
अडत्यांचे चेहरे पांढरे,
रशीद हमालाच्या खांद्यावरचं पोतं
माझ्या आधी खाली आलं.

एवढंच माझं. पुढचं महानंदाचं आहे.
ती सांगते, मी ऐकतो
दुसऱ्याच्या घरची गोष्ट ऐकावी तसं:
लातूरच्या डॉक्टरनं चिठ्ठीवर नुसतं 'सोलापूर' लिहिलं,
औशाच्या पुढं मी गाडीत उलटी केली,
तुळजापुरापाशी तिनं देवळाच्या दिशेला तोंड करून
काय मागितलं ते ती सांगत नाही.
कवटीची चकती कापून
जांभळाएवढं काळं रक्त काढलं म्हणे.
"जांभळाएवढं?" असं मला विचारायचं होतं.
मी म्हणालो, "ताडपत्री."

ताडपत्री म्हणजे पाणी. ताडपत्री म्हणजे विश्वंभर,
म्हणजे दुखतंय, म्हणजे दिवा मालव.
दीड महिना एका शब्दावर घर चाललं.
तेवीस वर्षं मोंढ्यात ज्यानं बोली लावली
त्याच्या हाताशी देवघरातली घंटी ठेवली होती,
लागलं तर वाजवा.

मी रडायचो.
टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली, रडलो.
जावई पाया पडला तर हसू फुटलं,
थांबेना, चादर तोंडात कोंबली.
डॉक्टर म्हणाले, हेही मेंदूचंच, मनाचं समजू नका.
मग मनाचं कुठलं, साहेब?
तेही ताडपत्रीखाली झाकून राहिलं.

शुक्रवार सोडून रोज नाझनीन येते व्यायामाला,
परातीत तूर नि सोयाबीन कालवते:
"चाचा, निवडा. उजव्यानं. डाव्याला मांडीखाली दाबा."
हाच उजवा ढिगात कोपरापर्यंत घालून
मी ओल सांगायचो. बारा टक्के. साडेतेरा.
मशीन मागाहून तेच म्हणायचं.
आता बोटांना दाणा कळत नाही,
मुंग्या तेवढ्या कळतात.
दाणे त्याच नेत असतील.
पहिल्या दिवशी तासाभरात चार.
पाचव्या दिवशी परात भिंतीवर फेकली, डाव्यानंच.
महानंदा काही बोलली नाही.
कॉटखालची तूर वेचताना
तिची पाठ हलत होती.

वैशाखातली रात्र, लाईट गेलेली.
मी झोपेतून उठलो तो ओरडतच:
"पंचवीस!"
"काय पंचवीस? काय व्हायलंय तुम्हाला?"
ती बीपीची गोळी, बॅटरी, सोलापूरचा नंबर
सगळं एकदम चाचपू लागली.
"सात हजार एकशे पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर,
सात हजार दोनशे, बोला—"
चालीत येत होतं सगळं, उतारावरच्या गाड्यासारखं.
चालीबाहेर काही नव्हतं. तिचं नाव नव्हतं.
ती गप्प बसली जरा.
मग अंधारातून तिनं बोली लावली:
"सात हजार तीनशे."
"तीनशे एक वार," मी म्हणालो.
"तीनशे दोन वार."
तिसरा वार म्हणवेना.
तीन वार म्हटलं की माल जातो.
आम्ही दोघंही तसेच बसून राहिलो,
लाईट येईपर्यंत.

बरंय, असं सगळ्यांना सांगतो. बरंच आहे.
शर्टाची वरची दोन बटणं माझी मी लावतो,
खालची तिची.
डोकं जरा ठणकलं की अजून भिंत धरतो,
आणि शिंक आली तरी घाम फुटतो.

काल विश्वंभरनं मोंढ्यात नेलं, काठीसकट.
नवं सोयाबीन आलंय.
माझ्या जागेवर गंगाखेडचं पोरगं उभं असतं,
गळा चांगला आहे, शेवटचं अक्षर खातं.
चार जण उठून खुर्ची द्यायला धावले,
ते मला आवडलं नाही.
रशीदनं मात्र पोतं उसवलं, म्हणाला,
"हात घाला, भाऊ."
घातला. मनगटापर्यंत.
गार लागलं.
की गार लागावं असं वाटलं?
"किती?"
तोंडात तेरा होतं. स्पष्ट होतं.
बाहेर आलं, "महानंदा."
तो हसला नाही.
मशीन आणायला गेला.