प्रमाण (अंदाजे)

पहिला रकाना वेळेचा.
मी लिहिलं, पहाटे चार वाजून दहा.
खरं तर चार दहाला गहिनीनाथला दिसलं.
गळायला कधी लागलं
ते टाकीच्या तळाच्या वेल्डिंगलाच ठाऊक.

त्यानं फोनवर सांगितलं, मॅडम, हळद सांडलीय.
हळद नव्हती. क्रोमचं पाणी होतं,
फरशीच्या उतारानं शिस्तीत निघालेलं,
दारापर्यंत, दाराखालून,
आणि बाहेर पपईच्या आळ्यात.

मी पोचले तेव्हा तो भुशाचं पोतं फोडत होता.
भुसा नको, ओरडले मी, पेट घेईल,
वाळू घे, वाळू.
दोन पोती नालीच्या तोंडाशी रचली.
भोसरीच्या या गल्लीत प्रत्येक शेडमागे नाली आहे.
ती पुढे कुठे जाते ते नकाशात नाही.
विचारलं तर सगळे
उत्तरेकडे बघतात.

बेहेरे साहेब सहाला आले, शर्ट उलटा.
म्हणाले, पाच लिटर लिहा.
आवाज चढवला नाही. तसा तो कधीच चढत नाही.
मुलीच्या फीची उचल देतानाही
असंच, खाली बघत, पाकीट पुढे सरकवलं होतं.

मी मोजपट्टी टाकीत बुडवली.
काल संध्याकाळी सत्तेचाळीस, आता एकतीस.
एका सेंटीमीटरला चार लिटर.
पाढे काही साहेबांचे नाहीत, माझेही नाहीत.
सोळा चोक चौसष्ट.

मंडळाच्या ऑफिसात फोन लावला.
तक्रार कोणाविरुद्ध?
म्हटलं, आमच्याविरुद्धच.
पलीकडे पेन थांबलं.
पेन थांबल्याचाही आवाज येतो
हे मला त्या दिवशी कळलं.

मग नुसतं काम.
सांडलेल्यावर बायसल्फाइटची पावडर,
पिवळ्याचं हिरवं होईपर्यंत,
मग चुना. मास्क घसरला की पुन्हा वर.
आळ्यातली माती खणली,
वीत, हात, दीड हात,
माती मातीच्या रंगाची लागेपर्यंत.
पपई मुळासकट निघाली.
जुन्या वॉचमननं लावलेली, अकरा फळं होती.
'इतर नुकसान' मध्ये मी पपई लिहिली.
साहेब वाचत होते. खोडलं नाही.

भिंतीपलीकडे चाळ, चाळीचा हापसा.
दांड्याला दोरी बांधली, कागद चिकटवला,
पाणी वापरू नये.
पुण्यात पाटीला कोण घाबरतं,
म्हणून शेजारी मीच उभी राहिले.
सुंद्राबाई कळशी घेऊन आल्या, कागद वाचला, मला वाचलं.
किती दिवस?
नमुना लॅबला गेलाय.
मग नमुन्यालाच विचारा,
आज भात कशात शिजवू.

याला रकाना नव्हता.
मी मागे वळले तर साहेब टँकरवाल्याशी बोलत होते.
भाव केला नाही, एवढंच ऐकू आलं.

संध्याकाळपर्यंत एकोणीस गोण्या भरल्या,
तोंडं शिवली, लेबलं लावली,
तारीख, वजन, धोका.
गहिनीनाथनं हात तीनदा धुतले
आणि तरी डबा उघडला नाही.

फॉर्मच्या शेवटी सही.
सही करताना खाली बघितलं,
माझ्या चपलांच्या कडा पिवळ्या.
सकाळपासून मी हे घेऊन फिरले होते,
ऑफिसात, हापशाजवळ,
आणि अजून बसमध्ये चढायची होते.

एक गोणी उसवली. चपला आत टाकल्या.
यादीत लिहिलं, चप्पल, लेडीज, एक जोड.
मग मागे जाऊन टाचांच्या मापानं
जिथं जिथं उभी राहिले होते
तिथं तिथं पावडर टाकली.

स्टॉपपर्यंत डांबर अजून तापलेलं होतं.
कंडक्टरनं पायांकडे बघितलं,
काही विचारलं नाही,
सुट्टे द्या म्हणाला.